नाथांचा रांजण आणि आमचा नळ

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय 7, श्लोक 44.

अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. पृथ्वी, वारा, आकाश झालं. आता चौथा गुरू पाणी. भाव साधा आहे. पाणी स्वभावानेच स्वच्छ, स्निग्ध आणि गोड असतं. त्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नावानेही माणूस पवित्र होतो. साधूने तसं असावं.

'स्वभावानेच' या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो. कोणाला गोड लागायचं, हे पाणी ठरवत नाही.

या श्लोकावर ओव्या लिहिणारे एकनाथ महाराज पैठणचे. सातवाहनांची राजधानी असलेलं हे प्रतिष्ठान नगर, पायाशी दक्षिणगंगा गोदावरी. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले, पुढचे काशीत, आणि 1573 मध्ये ग्रंथ पुरा झाला. म्हणजे गोदाकाठी वाढलेल्या नाथांनी पाण्याचं हे गुरुपण गंगेकाठी बसून सांगितलं.

आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी आपल्या चाळीसगावचे! घाट चढून ते देवगिरीला गेले, किल्लेदार झाले. घाटाच्या अलीकडचं पाणी तितूर-गिरणेतून तापीला जातं, पलीकडचं शिवनेतून गोदावरीला. आपल्या गावचा माणूस त्या पाणलोटात गेला आणि तिथे नाथांना गुरू लाभला. नाथांच्या अभंगात 'एका जनार्दनी' ही मुद्रा येते, तेव्हा आपल्या गावचं माणूस तिथे हजर असतं.

पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीकृष्ण 'श्रीखंड्या' नावाने नाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षं कावडीने गोदेचं पाणी आणून तो रांजण भरत राहिला, अशी श्रद्धा आहे. घरात पाणी भरणारा हा कोण, ते कोणालाच कळलं नाही. आजही तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओततात. देव येऊन घागर ओतून गेला की रांजण भरतो म्हणतात.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण चिंतन लिहायचं तर हे टाळून चालणार नाही.

आमच्या फाटकाजवळ बोअरच्या पाण्याचा नळ आहे. मागच्या गल्लीतल्या तीन घरांतल्या बायका पहाटे हंडे भरून न्यायच्या. मी हौसेने टाकीला सेन्सर बसवला. पातळी उतरली की मोबाईल वाजतो. तो पहाटे पाचला वाजायला लागला. मी आठवडाभराचे आकडे मांडले, उन्हाळ्याचा हिशोब केला आणि फाल्गुनात नळाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे एक मावशी आली, कुलूप हातात धरून पाहिलं आणि रिकामा हंडा घेऊन परत गेली. आई खिडकीत उभी होती. काही बोलली नाही.

चार दिवसांनी आम्ही मायलेक पैठणला गेलो. नाथषष्ठीची गर्दी, रांजणापाशी रांग. आमची पाळी आली तसा आईने तांब्या माझ्या हातात दिला.

"तू ओत. मी नाही ओतत."

"का गं?"

"आपल्या दारातून एक बाई रिकामी गेली. ती कोण होती, तुला माहीत आहे का?"

मागच्यांची घाई चालली होती. मी पाणी ओतलं आणि बाजूला झालो. जोडलेले हात सुटेनात. बारा वर्षं घरात राबणारा देव जिथे ओळखू आला नाही, तिथे मी चार हंड्यांचा हिशोब करून आलो होतो.

घरी आल्याआल्या कुलूप काढलं. कोणीच आलं नाही. तीन आठवडे मोबाईल गप्प. शेवटी मी स्वतः मागच्या गल्लीत गेलो. "मावशी, पाण्याला या." त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, आमची सोय झाली." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. बाकीची दोन घरं हळूहळू यायला लागली. त्या मावशी आजही येत नाहीत.

मे महिन्यात बोअरचं पाणी आटलंच. म्हणजे माझा हिशोब चुकला नव्हता. पण मग आम्हीही हंडे घेऊन दुसऱ्यांच्या नळावर उभे राहिलो. त्या नळाला कुलूप नव्हतं.

मंडळी, साठा जपू नये असं भागवत म्हणत नाही. पाणी जपूनच वापरायचं. पण जपता जपता आपला स्वभाव कोरडा पडत नाही ना, हे बघायला हवं. कुलूप काढायला एक मिनिट लागलं. त्या दिवशी गेलेला गोडवा अजून परत आलेला नाही, आणि तो मागून मिळत नाही.

आजचा नेम : आपल्या दारातून कोण रिकामं गेलं ते आठवायचं आणि बोलावणं यायची वाट न बघता त्यांच्या दारी जायचं. पाणी उताराकडे आपणहून जातं. एवढं तरी या गुरूकडून शिकू या.

राम कृष्ण हरी.