शांतिरक्षकाचे बळ

शांतिरक्षणास्तव परदेशी जाणाऱ्या सैनिकाचे खरे बळ कशात असते? १९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या रक्षणार्थ भारतीय दल गेले, तेव्हा त्याने आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असा दक्षिण कोरियाचा हट्ट होता. म्हणून आपले जवान बोटींवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट निःसैनिक पट्ट्यात उतरविण्यात आले. यंत्राने निषिद्ध भूमी ओलांडली. परंतु मनाचे कुंपण त्यास कसे ओलांडता यावे? सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास धरून ठेवले, तेव्हा दलाचे सेनापती, मिरजेशेजारच्या कोल्हापूर मुलखातील वडगावचे शंकरराव थोरात, निःशस्त्र आत गेले व त्यास सोडवून आले. बाहेर बंदुका होत्या म्हणूनच हे साधले, असे कोणी म्हणेल. पण त्या बंदुका फार तर सूड घेत्या. प्राण वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. पुढच्याच महिन्यात तेथे गोळीबारही करावा लागला, कैदी मेले. तेव्हा शस्त्र सर्वथा त्याज्य, असे म्हणवत नाही. मात्र शस्त्र उचलण्यापूर्वी ज्याने स्वतःचा जीव पणास लावला, त्यालाच परक्याकडे विश्वास मागण्याचा अधिकार पोहोचतो.