आडगावाचा उपयोग

अमुक एक गाव वाईट जागी वसले आहे, असे म्हणण्याचा अर्थ काय, आणि असे गाव हाती आले असता त्याचे करावे काय, हा प्रश्न वरवर पाहता राज्यकर्त्यांचा किंवा अर्थशास्त्रज्ञांचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी एक नीतिप्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. हल्ली आमचे विद्यार्थी हा प्रश्न खेळता खेळता सोडवीत असतात. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या संगणकावरील व्यूहखेळांत खेळणारा हा एका साम्राज्याचा धनी असतो. सुपीक नदीकाठची शहरे तो आपण होऊन वसवितो; पण जिंकलेली किंवा घाईने वसविलेली, ओसाड माळावरची लहान शहरेही त्याच्या पदरी पडतात. कच्चा खेळाडू त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. नावडतीचे मीठ अळणी! कसलेला खेळाडू मात्र एकाला सरहद्दीवरचे ठाणे करतो, दुसऱ्याकडून जवळचे लोखंड मिळवितो. या खेळाच्या २०१० साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत तर वेधशाळा डोंगराला लागून असलेल्या शहरातच बांधता येते. म्हणजे शेतीला जो डोंगर निरुपयोगी, तोच विद्येला उपकारक ठरतो.

या खेळातील शिकवण आम्ही कमी लेखीत नाही. जागेचे बरेवाईटपण हे जागेच्या अंगी नसून आपण तिच्याकडे काय मागतो यावर अवलंबून असते, हे सत्य त्यातून मनावर ठसते. जुन्नर प्रांताचा इतिहास याचीच साक्ष देतो. कल्याण बंदरातून निघालेला माल सातवाहनांच्या काळी नाणेघाट चढून जुन्नरास येई व पुढे पैठणकडे जाई. तेव्हा हा प्रांत वाटेवरचा होता. १४९० साली मलिक अहमदाने येथेच निजामशाहीचे निशाण उभारले, आणि थोड्याच वर्षांत अहमदनगर वसवून राजधानी तिकडे नेली. पुढे आगगाडी आली ती १८६३ साली बोरघाटाने व १८६५ साली थळघाटाने सह्याद्री चढली. मधला नाणेघाट व त्याच्या पायरीवरचा हा मुलूख दोन्ही लोहमार्गांच्या मध्ये कोरडाच राहिला. डोंगर तेच, नद्या त्याच. बदलल्या त्या वाटा. मांडवीकाठचे ओतूर आज आडवळणी म्हणावे, तर माळशेज घाटाने येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता त्याच्या अंगावरून जातो व त्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांची रास पडते; सोयीचे म्हणावे, तर तेथे रेल्वे नाही. तात्पर्य, ‘वाईट जागा’ हे बहुधा भूगोलाचे वर्णन नसून कोणीतरी दुसरीकडे बसून केलेला हिशेब असतो.

येथवर खेळ आणि व्यवहार बरोबर चालतात. पुढे मात्र त्यांची फारकत होते. पटावर हेतू एकाचाच, खेळणाऱ्याचा. तेथील शहराला स्वतःचे असे काही मागावयाचे नसते. म्हणून जिंकलेले शहर ठेवावे की जाळून टाकावे, असे खेळ विचारतो, तेव्हा खेळणारा क्षणभर हिशेब करतो व उत्तर देऊन मोकळा होतो. खऱ्या गावाचे तसे नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने आपले नाव दिले, ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक. या प्रकल्पाच्या पाण्यावर श्रीगोंदे, कर्जत, करमाळे या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेते भिजतात, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुष्कळांच्या सुखाकरिता थोड्यांनी सोसावे, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु सोसणाऱ्यांनी ‘सोसतो’ म्हणणे आणि इतरांनी त्यांच्या वतीने तसे ठरविणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

मनुष्याला केवळ साधन समजू नये, असा दंडक जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने घालून दिला. त्यातील ‘केवळ’ हा शब्द विसरून चालणार नाही. आपण सर्वच एकमेकांची साधने असतो. शिंपी आमचे साधन, आम्ही विद्यार्थ्यांचे. दोष उपयोगात नाही. उपयोगाखेरीज त्या माणसात दुसरे काही पाहावयाचेच नाही, या वृत्तीत आहे. गाव म्हणजे काही व्यक्ती नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे, पण गाव म्हणजे नकाशावरचा ठिपकाही नव्हे. त्यात माणसे राहतात, आणि त्यांचे हेतू नकाशा आखणाऱ्याच्या हेतूंहून वेगळे असू शकतात.

या विवेचनाची खरी कसोटी ओतुरापासून सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटरांवर, खोडद येथे लागते. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. मोठ्या शहरांचा व कारखान्यांचा रेडिओ-गोंगाट तेथे कमी, हे जागेच्या निवडीचे एक मोठे कारण. व्यूहखेळातल्या डोंगराकडच्या वेधशाळेचा हा जणू प्रत्यक्ष दाखलाच. जे उणे म्हणून हिणविले, तेच मोलाचे ठरले. आकाशातील अतिशय क्षीण लहरी आज या मुलखात टिपल्या जातात, याचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु खेळातला डोंगर आपोआप टिकतो. खोडदची शांतता टिकवावी लागते. ती टिकविण्यासाठी परिसरात कारखाने काढण्यावर निर्बंध आले. २०२५ साली पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावावरून जाणारी आखणी याच कारणाने बाजूला ठेवण्यात आली. उणिवेचा उपयोग करून घेणारा कळत-नकळत ती उणीव कायम राहण्यातच हितसंबंध गुंतवून बसतो, हे या प्रकरणाचे मर्म होय. सगळ्या जगाला ऐकू यावे म्हणून जो मुलूख गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याचे मोल कोणी द्यावयाचे?

दुर्बीण हलवावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्ञानाची अशी साधने पुन्हा पुन्हा उभारता येत नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, त्या शांततेला किंमत आहे हे एकदा मान्य केल्यावर ती किंमत शांतता राखणाऱ्यांच्या खाती जमा झाली पाहिजे. कारखाना नाही तर शेतमालाला जवळची व खात्रीची पेठ, रेल्वे नाही तर दुसरी चांगली वाट, आणि दुर्बिणीच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना त्या विद्येत शिरकाव. ही भीक नव्हे, देणे होय. आणि ते किती, हे ठरविताना त्या गावांचा शब्द आधी घेतला पाहिजे, मागाहून नव्हे.

ओतुरास श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला जी माणसे लोटतात, ती कोणत्याही साम्राज्याच्या उपयोगी पडावे म्हणून येत नाहीत. गावाचे हे स्वतःसाठी असणे कोणत्याही आराखड्यात मावत नाही. तरी त्याची आठवण ठेवूनच ज्याने त्याने आराखड्याला हात घालावा. पटावरची घरे मुकी असतात, म्हणूनच तेथे चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येतो.