मत फुकट जाते म्हणजे काय?



निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्तीत घराघरांतून एकच वाद सुरू होतो. वडील म्हणतात, निवडून येणाऱ्यालाच मत द्या, नाहीतर नको तो डोक्यावर बसेल. मुलगा म्हणतो, दुसऱ्यांच्या सतरंज्या किती दिवस उचलायच्या, आपल्या पक्षालाच मत द्या. घरातील माउलीला दोघांचेही पटते आणि मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत तिचा निर्णय होत नाही. लोक तिला कच्च्या मनाची म्हणतात. माझ्या मते त्या घरात खरा विचार तीच करीत असते, आणि तिच्या प्रश्नाला आपल्या पुढाऱ्यांनी द्यावे तसे उत्तर दिलेले नाही.

वडिलांची भीती खोटी नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. एका चाळीतील माणसे उठून गेली असती तर निकाल फिरला असता! २०१९ साली नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि तेथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते होती. लगेच ओरड झाली, 'वंचितने मते खाल्ली.'

पण या वाक्याकडे नीट पाहा. खाल्ली म्हणजे कोणाच्या ताटातली खाल्ली? आपले मत कोणा एका पक्षाच्या सातबाऱ्यावर चढलेले आहे काय, की ते दुसरीकडे गेले म्हणजे चोरी झाली? बरे, ज्यांच्यासाठी ही मते राखून ठेवायला हवी होती ते अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. ज्या पक्षाला थोपवण्यासाठी मत मागितले त्याच पक्षात उमेदवार जाऊन बसला, तर फुकट गेलेले मत कोणते, हे माझ्या वाचकांनीच ठरवावे.

परमपूज्य बाबासाहेबांपुढेही हाच प्रश्न होता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. घटनेच्या शिल्पकाराला दिलेली ती मते फुकट गेली असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करील काय? मात्र आपले तरुण एक गोष्ट सोयीने विसरतात. १९५२ साली बाबासाहेब एकटे लढले नव्हते, त्यांनी समाजवादी पक्षाशी समझोता केला होता. स्वाभिमान आणि समझोता यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आपल्या सवलतींचा इतिहासही असाच दुपेडी आहे. १९५६ ला धम्मदीक्षा घेतली आणि अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या बौद्धांना दिल्या. ते सरकार मोठ्या पक्षाचेच होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले, आणि त्या दिल्या विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने. मधल्या तीस वर्षांत दिल्लीत बहुतेक काळ कोण होते, हे सांगायला नको. त्या काळात ही मागणी जिवंत ठेवली ती आपल्या लहान, फुटक्या पक्षाने. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. जमीन मागितली तशीच बौद्धांच्या सवलतींचीही मागणी त्यांनी केली. निवडणुकीत हरणारा पक्षही मागणी जिवंत ठेवतो. हे काम मतमोजणीच्या आकड्यांत दिसत नाही.

आता मुलाला चार शब्द सांगतो. शिक्षक असल्यामुळे निवडणुकीचे काम आम्हाला चुकत नाही. मतदान केंद्रावर दिवसभर बसले की कळते, यंत्र फक्त आकडा मोजते, तुम्ही कोणत्या भावनेने बटण दाबले ते मोजत नाही. २०१९ मध्ये वंचितला राज्यात सुमारे चाळीस लाख मते मिळाली, पण ती सर्वत्र विखुरलेली होती. त्या आघाडीतून खासदार झाला तो एकटा, औरंगाबादचा, आणि तोही मित्रपक्षाचा. उलट १९९८ ला काँग्रेसशी समझोता झाला तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. पुढे ती एकजूट टिकली नाही. त्याचा दोष मतदाराचा नव्हे.

तथागतांनी कर्मात चेतनेला, म्हणजे हेतूला, प्रधान मानले. म्हणून काहीजण म्हणतात, माझा हेतू शुद्ध, परिणाम काहीही होवो. परंतु त्याच तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. ज्याने अहित होते असे स्वतः जाणाल ते टाका, ज्याने हित होते ते स्वीकारा. परिणामाकडे डोळे मिटणारा हेतू शुद्ध कसा राहील? आणि 'साहेबांनी सांगितले' एवढ्यावरून मत देणे, मग तो साहेब आपलाच का असेना, हेही कालामांना दिलेल्या उपदेशात बसत नाही. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना त्यातून वगळले नव्हते.

मग त्या माउलीने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. जेथे झुंज अटीतटीची आहे आणि दोघांपैकी एकाच्या विजयाने आपल्या वस्तीचे, आपल्या घटनेचे खरोखर नुकसान होणार आहे, तेथे त्या नुकसानीचा हिशेब आधी करावा आणि नावडत्या पक्षालाही मत देण्यास लाजू नये. जेथे दोघांत आपल्या दृष्टीने फरक नाही किंवा निकाल आधीच उघड आहे, तेथे 'मत फुकट जाईल' या धाकाला भीक घालू नये. आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद येथे तर तिसऱ्या पक्षाचा विचार सर्वांत आधी करावा, कारण तेथे गट लहान असतो आणि थोडी मतेही एकवटतात. अकोला जिल्हा परिषदेत आपल्या माणसांनी सत्ता मिळवली ती याच मार्गाने. दर वेळी लोकसभेलाच जागे होणारा पक्ष कधी मोठा होत नाही.

उमेदवार विहारात पाया पडायला येईल तेव्हा त्याला चहा द्या आणि विचारा. मोठ्या पक्षाचा असेल तर शिष्यवृत्ती का रखडली, गायरानावरच्या घरांचे काय झाले, रमाई घरकुलाचा हप्ता कोठे अडकला, हे विचारा. उद्या पक्ष बदलणार नाही हे चारचौघांत वदवून घ्या. आपल्या पक्षाचा असेल तर मागची पाच वर्षे तो कोठे होता आणि समझोत्याची बोलणी कोणत्या मुद्द्यावर फिसकटली, हेही तितक्याच मोकळेपणाने विचारा. आपलाच माणूस आहे म्हणून त्याला प्रश्न माफ करू नका.