खरं सांगण्याची घाई

मिरा रोडच्या नया नगरात सत्तरी ओलांडलेल्या कित्येकांचं आयुष्य दोन घरांत विभागलेलं आहे. पहिलं घर म्हणजे मुंबईच्या मदनपुऱ्यातली, डोंगरीतली किंवा भेंडी बाजारातली खोली; दुसरं म्हणजे इथला फ्लॅट. काही जण परवडणाऱ्या जागेच्या शोधात इथे आले, तर पुष्कळ जण १९९२-९३च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आले. अशा घरात डिमेन्शिया शिरला की अनेकदा आधी पुसट होतं ते दुसरं घर. नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच खचतो. लांबच्या आठवणी त्यामानाने जास्त तग धरतात. मग राहता फ्लॅट परका वाटू लागतो आणि दिवस कलला की म्हातारी पिशवी भरून दाराशी उभी राहते. मदनपुऱ्याला जायचंय, उशीर होतोय.

घरातले सगळे मग तिची चूक सुधारायला धावतात. अम्मी, हेच आपलं घर. ती खोली कधीच विकली. अब्बा जाऊन किती वर्षं झाली! यातलं अक्षरही खोटं नसतं आणि बोलणाऱ्यांची मायाही खरी असते. तरीही या आजारात खरं सांगण्याची घाई बऱ्याचदा क्रूर ठरते. नवरा गेल्याचं तिला दर वेळी पहिल्यांदाच कळतं. थोड्या वेळाने बातमी विसरली जाते, पण काळजात कालवाकालव झालेली असते ती तशीच राहते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं हे रुग्णांना धड आठवेना, पण त्यातून आलेली उदासी किंवा प्रसन्नता मागे रेंगाळत राहिली. भेटून गेलेली लेक तासाभरात विसरली गेली, तरी तिची भेट वाया जात नाही, ती यामुळेच.

मग खोटं बोलायचं का? हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात रुग्णाचं माणूसपण हिरावून घेणाऱ्या वागण्याची यादीच दिली आहे. लहान मुलासारखं वागवणं, झेपणार नाही इतक्या घाईने कामं उरकणं, समोर असूनही नसल्यासारखं धरणं हे त्यात आहे, आणि फसवणंही आहे. पण दुरुस्ती आणि थाप यांच्या मधे तिसरी वाट आहे, ती म्हणजे विचारण्याची. मदनपुऱ्यात नळाला पाणी कधी यायचं? शेजारी कोण राहायचं? ईदला शीरखुर्मा कोण करायचं? इथे कुणी खोटं बोलत नाही. तिला जे ठाऊक आहे तेच तिच्याकडून ऐकायचं, एवढंच. बोलता बोलता पिशवी बाजूला पडते. नाहीच पडली तर शोधायचं, की ‘घरी जायचंय’ म्हणताना ती भूक सांगतेय, भीती सांगतेय की लघवीला जायचंय. गोंधळ एकाएकी वाढला असेल तर डॉक्टरला दाखवायला हवंच. लघवीचा संसर्गही असा गोंधळ वाढवतो.

‘अस्तु’ या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटात हत्तीमागून वाट चुकलेल्या वृद्ध शास्त्रीबुवांना माहुताची बायको चन्नम्मा सांभाळते. तिला ना त्यांची विद्वत्ता ठाऊक, ना आजार. आधीचे शास्त्रीबुवा तिने पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे समोरच्या माणसाची तुलना ती कुणाशी करत नाही. घरच्यांना नेमकं हेच जड जातं. त्यांना हरवलेला माणूस परत हवा असतो आणि त्या ओढीत समोर बसलेल्याकडे दुर्लक्ष होतं.

नया नगरात या कामाला लागणारं बरंच काही आयतं आहे. पाच वेळची अजान दिवसाला बांधून ठेवते, आणि ठरलेल्या दिनक्रमाचा अशा रुग्णाला मोठा आधार असतो. नमाजआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, हात मनगटापासून कोपरापर्यंत आपसूक जातो, कारण अंगवळणी पडलेल्या क्रिया उशिरापर्यंत टिकतात. रकात चुकली, तीच नमाज पुन्हा सुरू झाली, तर टोकायचं कशाला? भान हरपलेल्यावर नमाजचं बंधन धर्मशास्त्रही घालत नाही. शेजारी चटई अंथरून बसावं. फटाक्यांच्या आवाजाने कुणी दचकून ‘कर्फ्यू लागला का?’ विचारलं, तर ‘दंगल होऊन तीस वर्षं झाली’ हे उत्तर कामाचं नाही. खिडकी लावावी, हात हातात घ्यावा.

पण हे लिहिणं सोपं आहे. रात्री तीनदा उठून दार तपासणाऱ्या सुनेला धीर धरायला सांगणं तर त्याहून सोपं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. त्यांची काळजी मुख्यतः घरातच, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईवर, पडते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आजार वर्षानुवर्षं झाकला जातो, तेव्हा तीही त्याच्याबरोबर कोंडली जाते. हळुवारपणाला झोप लागते, सुट्टी लागते. थकलेला माणूस ओरडतो. त्यात त्याची नियत खोटी नसते.

म्हणून हा प्रश्न एका फ्लॅटचा नाही, मोहल्ल्याचा आहे. जपानने २००५पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं यांना दीड तासाचं साधं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आज असे एक कोटीहून अधिक मदतनीस तिथे आहेत. नया नगरात मेडिकलवाला, वॉचमन, रिक्षा स्टँडवरचे चालक आणि मशिदीचे इमाम एवढ्यांना जरी कळलं, की भांबावलेल्या म्हाताऱ्याला हटकायचं नाही, नाव विचारून सावलीत बसवायचं आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावायचा, तरी अनेक घरांची कुलपं उघडतील. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो नंबर इमारतीच्या फलकावर लावायला फार काही लागत नाही. आणि ‘अम्मींची फार सेवा करते हो’ असं सुनेचं कौतुक करणाऱ्या नातलगांनी आठवड्यातली एक दुपार स्वतः अम्मींपाशी बसावं, सुनेला बाहेर जाऊ द्यावं. कौतुकाने तिची झोप भरून निघत नाही.