चाखणारे आणि बसणारे

रसिकतेला निष्ठेची जरूर आहे काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या प्रांतांत पुष्कळ वेळां चर्चिला गेला आहे. परंतु तो कॉफीच्या पेल्यांतूनहि निघूं शकतो, हें अलीकडच्या एका व्यापारी युक्तीनें दाखवून दिलें आहे. पाश्चात्य देशांतील कित्येक शहरांत हल्लीं कॉफी चाखण्याचे पास मिळतात. एकदां ठराविक रक्कम भरली कीं पासधारकाच्या हातीं शहरांतल्या आठ-दहा स्थानिक दुकानांची यादी येते. प्रत्येक दुकानांत पास दाखवावा, तेथील एक पेला घ्यावा, शिक्का मारून घ्यावा आणि पुढच्या दुकानाची वाट धरावी. चार-सहा दिवसांत सारें शहर जिभेवरून जातें. परगांवच्या प्रवाशाला ही सोय वाटते, नव्या दुकानदाराला ती जाहिरात वाटते, आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. जेथें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं तेथें नीतीचा प्रश्न कसला, असें वाचक विचारतील. आमच्या मतें प्रश्न आहे. आणि तो आम्हीं उगाच उकरून काढलेला नसून ह्या प्रकारच्या एका कार्डाच्या नांवांतच तो दडून बसलेला आहे.

पूर्व लंडनच्या बाजारांत गाडीवर कॉफी विकणारे ग्विलिम डेव्हिस नांवाचे गृहस्थ २००९ सालीं कॉफी करण्याच्या जागतिक स्पर्धेंत पहिले आले. असा मान मिळाल्यावर दुसऱ्या कोणी आपल्या गाडीपुढील रांग कशी वाढेल इकडे लक्ष दिलें असतें. ह्यांनीं उलट केलें. त्यांनीं एक कार्ड काढलें. त्यावर स्वतःचें नव्हे, तर त्या भागांतील दुसऱ्यांच्या आठ दुकानांचीं नांवें होतीं. त्या आठहि ठिकाणीं जाऊन कॉफी पिऊन यावें, म्हणजे डेव्हिस आपल्या हातचा एक पेला फुकट देत. ह्या कार्डाला त्यांनीं इंग्रजींत जें नांव दिलें त्याचा सरळ अर्थ 'निष्ठाभंगाचें कार्ड' असा होतो. मोठमोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना जें 'निष्ठेचें कार्ड' देतात त्याची ही थट्टा होती. नऊ पेले आमच्याकडे प्या, दहावा फुकट घ्या, अशी त्या निष्ठेची व्याख्या. म्हणजे हिशेबानें ती शेंकडा दहा टक्के सूट झाली. विकत घेतलेल्या निष्ठेलाहि निष्ठाच म्हणावयाचें असेल, तर पैसे घेऊन रडणाऱ्यांना आप्त म्हणावयास कांहीं हरकत नसावी.

येथपर्यंत आम्ही डेव्हिस ह्यांच्या बाजूचे आहों. ज्यानें दुसरी चव कधीं घेतलीच नाहीं त्याची आवड ही आवड नव्हे, सवय होय. आणि सवयीला सद्गुण समजण्याची चूक आपल्या समाजांत जितकी झाली आहे तितकी क्वचितच कोठें झाली असेल. कॉफीचेंच उदाहरण घ्या. चिकोरी घातलेल्या दाट डिकॉक्शनवर वाढलेल्या माणसापुढें निव्वळ कॉफीचा पेला ठेवला, तर तो तिला पाणचट म्हणून नाक मुरडतो. ज्या दाटपणाला तो कॉफीचा गुण मानीत आला तो बराचसा चिकोरीचा होता, हें त्याला तोंवर ठाऊकच नसतें. तेंच बीं हलकें भाजलें म्हणजे फळासारखें आंबूस लागतें आणि काळें होईपर्यंत भाजलें म्हणजे कडू, हेंहि दोन्ही पेले शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून कळत नाहीं. तुलना ही रसिकतेची पहिली पायरी आहे, आणि पास ती पायरी स्वस्तांत बांधून देतो.

परंतु पहिली पायरी म्हणजे दिवाणखाना नव्हे. कॉफीच्या व्यापारांत चव पाहणाऱ्या तज्ज्ञांचा एक वर्ग आहे. ओळीनें मांडलेल्या पेल्यांतून ते एकेक चमचा मोठ्यानें भुरकतात, जिभेवर घोळवितात आणि बहुधा थुंकून टाकतात. मग शंभरांपैकीं गुण देतात, आणि ऐंशीच्या वर गुण पडले तर तो माल वरच्या प्रतीचा ठरतो. ह्या लोकांना कॉफी कळते ह्यांत संशय नाहीं. पण काम चालूं असतां ते ती पीत नाहींत. तज्ज्ञाची गोष्ट निराळी, थुंकणें हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. पासधारक मात्र पेला पितो खरा, पण मनानें गुण देत पितो. तिसऱ्या दुकानांत बसला असतां त्याचें चित्त दुसऱ्याशीं तुलना करण्यांत आणि चौथ्याच्या वाटेकडे असतें. अशा स्थितींत त्याच्या हातून काय निसटतें, हें पाहण्यासाठीं डेव्हिस ह्यांच्या त्याच शहराचा जुना इतिहास उपयोगी पडेल.

लंडनमध्यें पहिलें कॉफीहाऊस १६५२ सालीं कॉर्नहिल भागांतल्या एका बोळांत निघालें. काढणारा पास्का रोझे हा स्मर्ना शहराहून एका व्यापाऱ्याचा नोकर म्हणून आलेला परदेशी मनुष्य. पुढें अशीं घरें शेंकड्यांनीं वाढलीं. एक पेनी दिली कीं आंत यावें, कॉफी घ्यावी, वर्तमानपत्रें वाचावीं आणि मोकळी असेल त्या जागेवर, शेजारीं उमराव असो कीं दुकानदार असो, बसावें. (हा समभाव पुरुषांपुरताच होता, बायका अशीं घरें चालवीत, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांना तेथें जवळ जवळ मज्जावच होता.) हळूहळू प्रत्येक घराला आपापलें माणूस चिकटलें. एडवर्ड लॉइड ह्याच्याकडे जहाजांचे मालक आणि विमा उतरणारे बसूं लागले; त्या बैठकींतून आज जगभर ठाऊक असलेली लॉइड्सची विमासंस्था निर्माण झाली. जोनाथनच्या घरीं रोख्यांचे भाव बोलले जात, त्यांतून पुढें शेअरबाजार आला. विल्सच्या घरीं कवि ड्रायडन ह्याची खुर्ची ठरलेली असे. हिवाळ्यांत ती शेकोटीजवळ आणि उन्हाळ्यांत सज्ज्यांत. ह्यांतलें एकहि कार्य चांगल्या कॉफीमुळें झालेलें नाहीं. त्या काळची कॉफी आजच्या जिभेला बेचव लागली असती, असा जाणत्यांचा तर्क आहे. तीं कार्यें झालीं तीं तींच माणसें त्याच ठिकाणीं पुनःपुन्हां बसल्यामुळें.

राजांना हें रसिकांच्या आधीं कळलें होतें. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७५ च्या डिसेंबरांत सर्व कॉफीहाऊसें बंद करण्याचा जाहीरनामा काढला. कारण असें दिलें कीं, तेथें रिकामटेकडे लोक जमून राज्यकारभाराविरुद्ध खोट्या कंड्या पिकवितात. ओरड इतकी झाली कीं, अंमल सुरू होण्यापूर्वींच त्याला तो मागें घ्यावा लागला. तीनशें वर्षांनंतर आपल्या देशांतहि, १९७५-७७ च्या आणीबाणींत, दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील कॉफीहाऊस पाडण्यांत आलें, आणि तेथल्या राजकीय गप्पा सत्तेला नकोशा झाल्या होत्या असें त्या वेळीं सर्वत्र बोललें गेलें. ह्या दोन्ही गोष्टींवरून एक गोष्ट उघड होते. चव घेऊन निघून जाणाऱ्यांची धास्ती कोणत्याच सत्तेला वाटत नाहीं. शहरांतलीं सारीं दुकानें भरलेलीं असावींत आणि कोणत्याहि टेबलाशीं तींच चार माणसें दुसऱ्यांदां भेटूं नयेत, ही रचना कोणत्याहि जुलमी राजाला पसंतच पडेल.

ह्यावर इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक आम्हांला एक अडचणीचा दाखला देईल. रिचर्ड स्टील ह्यानें १७०९ सालीं 'टॅटलर' पत्र काढलें तेव्हां त्यानें आपले विषय कॉफीहाऊसांप्रमाणें वांटून घेतले: काव्य विल्सच्या नांवाखालीं, विद्वत्ता ग्रीशियनच्या, राजकारणाच्या बातम्या सेंट जेम्सच्या. म्हणजे तें पत्रच एक प्रकारचा पास होतें. दोन वर्षांनीं ॲडिसननें 'स्पेक्टेटर'मध्यें जें पात्र निर्माण केलें तें तर ह्या सर्व घरांतून हिंडतें, प्रत्येक ठिकाणीं तेथलेंच माणूस समजलें जातें, आणि आपल्या खासगी मंडळाबाहेर कोठेंहि तोंड उघडीत नाहीं. फिरस्त्या पासधारकाचा ह्याहून थोर पूर्वज कोणता सांगावा? दाखला खरा आहे, आणि तो आम्हांला मान्य आहे. मात्र ॲडिसनच्या त्या मुक्या प्रेक्षकानें जें ठिकठिकाणीं उचललें तें शाईंत घालून दुसऱ्या दिवशीं त्याच घरांतल्या टेबलांवर परत आणून ठेवलें. आपल्याविषयींचें लिखाण ते लोक आपल्याच पेल्याशेजारीं वाचीत. घेतलेल्या चवीची ही फेड होती.

तेव्हां घरें एक कीं अनेक, हा मुद्दा नव्हे. आपल्याकडच्या जुन्या विद्यार्थ्याची आठवण करावी. पुण्यासारख्या गांवीं शिकावयास आलेला गरीब मुलगा एक तर मधुकरी मागे, नाहीं तर वार लावून जेवी. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे, अशीं सात घरें. सात स्वयंपाकघरांतल्या सात आमट्या त्याच्या जिभेला ओळखूं येत. तुलना करावयाची तर त्याच्याइतका अधिकार कोणाचा? पण त्या प्रत्येक घराला त्याचें नांव, त्याची परीक्षा आणि त्याचें दुखणेंखुपणें ठाऊक असे, आणि पुढें नोकरीला लागल्यावर त्या सात घरांपुढें त्याची मान लवलेलीच राही. ती चाल जातीपातीच्या कुंपणांतली होती, सर्वांना ती दारें उघडीं नव्हतीं, आणि तिच्यांत मुलाला पदोपदीं सोसावा लागणारा कमीपणाहि होता. ती पुन्हां यावी असें आम्ही चुकूनहि म्हणणार नाहीं. तिच्यावरून एवढेंच दिसतें कीं, सात ठिकाणीं खाणारा सातांचाहि असूं शकतो. घांस लहान असल्यानेंहि बिघडत नाहीं. बंगळूरकडे एक कॉफी मागवून दोघांनीं वांटून घेण्याची 'बाय-टू'ची रीत आहे. अर्धाच पेला, पण तो दोघांना एका टेबलाशीं आणतो.

आमच्या मतें फरक पडतो तो पैसा केव्हां दिला ह्यामुळें. पासाचे पैसे आगाऊ, आणि तेहि तिसऱ्याच कोणाला तरी दिलेले असतात. दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वींच देणें फिटलेलें असतें. उलट आपल्या चहाच्या दुकानांत भिंतीवर 'आज रोख, उद्यां उधार' अशी पाटी असली, तरी गल्ल्याखालीं एक कळकट वही असे, आणि रोजच्या गिऱ्हाइकाचें नांव तींत असे. ती वही म्हणजे मालकानें टाकलेला विश्वास होता. चार दिवस माणूस दिसला नाहीं तर तो कोठें गेला ही चौकशी होई; थोडी पैशांसाठीं, थोडी माणसासाठीं, आणि त्यांतली किती कशासाठीं हें मालकालाहि सांगतां आलें नसतें. पासधारक न आल्यास कोणी चौकशी करणार नाहीं. त्याच्या न येण्यानें उलट दुकानदाराचा एक पेला वांचतो.

मात्र बसणाऱ्यांचा फार गौरव करण्याचाहि आमचा विचार नाहीं. एक चहा आणि एक बनमस्का मागवून दोन तास खुर्ची अडविणारे आणि देशाच्या अधोगतीवर बोलून झाल्यावर बिलाच्या वेळीं छताकडे पाहणारे महाभाग पुण्यामुंबईच्या इराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसले. हॉटेल बंद पडलें म्हणजे हळहळीचे लेख हेच लोक लिहितात. शेवटचा चहा तेथें केव्हां घेतला होता, तें मात्र त्या लेखांत सहसा नसतें. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डानें आपलीं कॉफीहाऊसें बंद करण्याचें ठरविलें तेव्हां तीं वांचविलीं तीं तेथें वादविवाद करणाऱ्या विद्वानांनीं नव्हे. ए. के. गोपालन ह्यांच्या पुढाकारानें तेथल्या कामगारांनींच सहकारी संस्था काढल्या आणि त्याच पेल्यांतून पुन्हां कॉफी देण्यास आरंभ केला. ज्याच्या ओळखीचा एवढा डौल, त्यानें अडचणीच्या वेळीं काय दिलें, असें विचारलें तर पुष्कळ निष्ठावंतांना उत्तर सुचणार नाहीं. त्या मानानें पासधारक प्रामाणिक. तो आपला पेला पितो, त्याचे पैसे चुकते केलेले असतात, आणि तो खुर्ची मोकळी करतो. लहान गल्लींत नवें दुकान मांडून बसलेल्या तरुणाला पहिल्या महिन्यांत असल्या दहा फिरस्त्यांचा जो आधार होतो, तो दुसरीकडे ठाण मांडून बसलेल्या शंभर निष्ठावंतांचा होत नाहीं.

म्हणून डेव्हिस ह्यांच्या कार्डांतला शेवटचा भाग आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटतो. आठ ठिकाणीं हिंडल्यावर तो माणसाला परत बोलावतो. आतां येणारा मनुष्य आठ पेले ओळखून आलेला असतो. तो पुन्हां येथें उभा राहिला तर त्या उभे राहण्याला कांहीं किंमत आहे. विकत घेतलेले बहुतेक पास असें बोलावीत नाहींत. शेवटचा शिक्का पडला कीं त्यांचें काम संपतें आणि पुढच्या वर्षीं नव्या यादीचा नवा पास निघतो.

आम्हांला कोणी असा पास भेट दिला तर आम्ही तो नाकारणार नाहीं. पहिलीं दोन-तीन दुकानें आम्ही शिस्तीनें पाहूं. मात्र आमचा स्वभाव आम्हांला ठाऊक आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या ठिकाणीं खिडकीशीं चांगला उजेड असेल, शेजारच्या टेबलावर कोणी आमच्या आवडीच्या विषयावर चुकीचें विधान करील, आणि त्याचें खंडन अर्धवट राहिल्यामुळें आम्हांला दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथेंच जावें लागेल. त्या दिवसापासून पेल्याचे पैसे आमच्या खिशांतून जातील, आणि पासावरच्या उरलेल्या चौकोनांत शिक्के पडावयाचे राहून जातील.