चालत नाही!

विद्या दिल्याने वाढते, हा सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर महिन्यातून एकदा तरी असायचाच. ज्या थोर पुरुषाने तो पहिल्यांदा काढला, त्याच्याकडे रात्री साडेदहा वाजता लॅपटॉप काखोटीला मारून त्याचा मामा विद्या मागायला आला नसावा. माझ्या भाच्याच्या नशिबी हा योग गेली दोन वर्षे आहे.

याला कारण आमची सोसायटी. बी. कॉम. झालेला आणि वर बँकेत कारकून असलेला माणूस सोसायटीत राहायला आला, की टेम्पोतून त्याचे सामान उतरायच्या आत त्याला खजिनदार करण्यात येते. आमचे ८४ फ्लॅट. माझ्या आधीचे काका सगळी बिले हाताने लिहीत आणि थकबाकीवरचे व्याज तोंडी काढत. मी ठरवले, की हे सगळे एक्सेलमध्ये आणायचे. आकडे भरायचे, बटण दाबायचे, की ८४ बिले तयार. त्या बटणामागे जो छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो त्याला मॅक्रो म्हणतात, आणि तो ज्या भाषेत लिहितात ती बेसिक नावाच्या भाषेची नात. आजीबाई १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जन्मल्या. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ही भाषा काढली, ती विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही संगणक वापरता यावा म्हणून. तिच्या लांबलचक इंग्रजी नावातल्या पहिल्या 'बी'चा अर्थच मुळी 'बिगिनर्स', म्हणजे नवशिके! पुढे १९९१ साली 'व्हिज्युअल बेसिक' आली आणि १९९३ मध्ये ती एक्सेलच्या पोटात जाऊन बसली. हे वाचून मला फार धीर आला. नवशिक्यांसाठी केलेली भाषा आणि चाळिशी ओलांडलेला नवशिका. पत्रिका जुळत होती. माझ्या बी. कॉम.मधल्या 'बी'चा अर्थही बहुधा तोच असावा.

पण पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा होतोच असे नाही. पहिल्याच रात्री पडद्यावर 'ओव्हरफ्लो' अशी चौकट आली. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ बंद आहे ना ते पाहून आलो. मागाहून कळले, की एकूण जमेसाठी मी जो डबा घेतला होता, त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. उन्हाळ्यात आमचे पाण्याच्या टँकरचेच बिल त्याहून जास्त होते. दुसरा एक डबा मिळतो, त्यात २१४ कोटींच्या वर मावते. तो मात्र आमच्या सोसायटीला आणखी काही वर्षे पुरेल.

हे 'मागाहून कळले' म्हणजे भाच्याकडून कळले. तो संभाषणाचा मासला असा:

"चालत नाही रे!"

"काय चालत नाही, मामा?"

"प्रोग्रॅम."

"एरर काय आला?"

"तो मी घालवला. चौकट आली होती, 'एन्ड' दाबलं. गेली."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"इंग्रजीत काहीतरी होतं."

फोनवर तीन सेकंद शांतता पसरली. ही शांतता मी चांगली ओळखतो, कारण ती माझीच आहे. काउंटरपलीकडून "साहेब, कार्ड चालत नाही" असे कोणी म्हणाले, की मी हीच शांतता पाळतो. कुठले कार्ड? कुठे चालत नाही? मशीन काय म्हणाले? काही नाही. चालत नाही! वीस वर्षे माझी अशी समजूत होती, की लोक मला छळायला म्हणून मुद्दाम अर्धवट सांगतात. आता कळले, की बिचाऱ्यांना पुरते सांगायचे म्हणजे काय सांगायचे हेच ठाऊक नसते. अडचण नीट सांगता आली की निम्मी सुटते हे खरे. पण ती नीट सांगता यायला निम्मे आधी यावे लागते. नवशिक्याचे सगळे दुःख या दोन निम्म्यांच्या मध्ये आहे, आणि जाणता माणूस जाणता झाला की पहिल्यांदा तेच विसरतो.

भाचा गुणी. सुरुवातीला तो मला प्रश्न विचारून विचारून माझ्याच तोंडून उत्तर काढायचा. पण त्यालाही नोकरी आहे, बायको आहे. विद्या दिल्याने वाढते, पण झोप दिल्याने कमी होते. एका तिमाहीच्या अखेरीस मी पुन्हा फोन केला. या वेळी मी चौकट नीट वाचली होती. 'टाइप मिसमॅच', नंबर १३. तो ऑफिसातच होता, मागे कोणीतरी कोणावर तरी ओरडत होते.

"मामा, बिलं उद्याच द्यायची आहेत का?"

"उद्या सकाळी. ती चौकट तेवढी घालव बाबा."

"मग सगळ्यात वर ही एक ओळ टाक. चौकट येणार नाही."

ओळ टाकली. चौकट आली नाही. ८४ बिले पाच मिनिटांत छापून झाली आणि शिवाय थकबाकीदारांची यादीही आपोआप निघाली. ती मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली आणि कृतकृत्य होऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी ३०२ मधल्या बाई दारात उभ्या. बाई निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षे मुलांना गणित शिकवलेले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात अकरा वर्षांच्या पावत्या, एकेका वर्षाची गड्डी दोऱ्याने बांधलेली. सगळ्यात वरची पावती रुपये ७,२०० ची, खाली सही माझीच.

बाई चिडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा माझं नाव फळ्यावर लागलं. तेही बोलणाऱ्या मुलांच्या यादीत."

मी म्हणालो, "बाई, कॉम्प्युटरची चूक झाली."

"कॉम्प्युटर आपल्या कमिटीत कुठल्या पदावर आहेत?"

मी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ते गणित दाखवा. उत्तर मी वाचलंय. रीत दाखवा."

मी दाखवू लागलो. ही ओळ एकेक फ्लॅट घेते. ही ओळ त्याने भरलेली रक्कम 'जमा' नावाच्या डब्यात ठेवते. ही मागणीतून जमा वजा करते.

"आणि ही सगळ्यात वरची?"

"ती... ती लागते."

"का लागते?"

"भाच्याने दिली आहे."

बाईंनी चष्मा पुसला आणि पाढा म्हणावा तशी ओळ वाचली, "ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. अहो, इंग्रजीच तर आहे. चूक झाली तर थांबू नका, पुढचं घ्या."

खरे सांगतो, त्या क्षणी मला घाम फुटला. ऑडिटरांनी 'रोख रकमेची वेगळी नोंद ठेवा' असे सांगितल्यापासून मी त्या तिमाहीत बाईंच्या चौकोनात मोठ्या दक्षतेने '७२००/- रोख' असे लिहिले होते. बाकी सगळे मोबाइलवरून पैसे पाठवतात. रोख भरणाऱ्या त्या एकट्याच. रकमेपुढे तिरपी रेघ मारावी म्हणजे कोणी शून्य वाढवू शकत नाही, हा बँकेतला संस्कार. पण प्रोग्रॅमच्या लेखी तो आकडाच राहिला नाही, ते वाक्य झाले. तो तिथे अडखळला, आणि वरच्या ओळीने त्याला पाठीत धपका घालून पुढे ढकलले. 'जमा'च्या डब्यात नवे काही पडलेच नाही. आधीच्या फ्लॅटचा आकडा तसाच राहिला. आधीचा फ्लॅट ३०१. मालक परदेशी, भरणा शून्य. ते शेजाऱ्याचे शून्य मी बाईंच्या नावावर चढवले आणि वर त्याची नोटीस लावली!

चौकट नेमके हेच ओरडून सांगत होती. मी तिचे तोंड दाबले.

याहून लाजेची गोष्ट म्हणजे, हे सगळे मी पूर्वी शिकलेला आहे. ट्रायल बॅलन्स, म्हणजे तेरीज जुळली तरी खाती बरोबर आहेत असे समजू नये, काही चुका तेरजेत दिसतच नाहीत, हे मी परीक्षेत उत्तम अक्षरात लिहिले होते. बोलकी चूक बरी, मुकी चूक वाईट, एवढाच त्याचा अर्थ. इथे तर चूक बोलकी होती, तिला मुकी मी केली. पासबुकाशी नुसता ताळा घेतला असता तरी ७,२०० चा फरक दिसला असता. पण मशीनने काढलेल्या बेरजेचा ताळा घेणे म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या सहीखाली आपली सही करण्यासारखे वाटते.

आता प्रश्न असा, की चूक कोणाची? बायको म्हणाली, भाच्याची. त्याने औषध न तपासता दिले. मला तसे म्हणवत नाही. चौकट का आली, असे मी त्याला विचारलेच नव्हते. चौकट घालव, असे म्हटले होते. मागितले ते मिळाले. बरे, सगळा दोष माझाच म्हणावा, तर ज्याला काही कळत नाही त्याने काय विचारायचे हे त्याला कुठून कळणार? एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता, एक मी. दोघांनीही तो वाचवला. त्याला झोप मिळाली, मला बिले मिळाली. देणारा खूश, घेणारा खूश. आणि भुर्दंड पडला तो तिसऱ्याच माणसाला, ज्या बाईंनी आयुष्यात कोणाची दमडी ठेवली नाही त्यांना. अर्धवट मदतीचे बिल नेहमी असे शेजारच्या फ्लॅटवर जाते. म्हणून तर ती देणे आणि घेणे इतके सोपे वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर मी माझ्या सहीनिशी माफीपत्र लावले. संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्यातल्या 'दिलगीरी'तली दीर्घ वेलांटी लाल शाईने ऱ्हस्व करून ठेवली होती. अक्षर ओळखीचे होते. बाईंनी मला पास केले असे मी समजतो.

भाच्याला सगळा प्रकार सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आमच्यात याला रबरी बदक म्हणतात." अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ सालच्या पुस्तकात म्हणे ही युक्ती आहे. अडलात की टेबलावर एक रबरी बदक ठेवा आणि त्याला आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगा. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. बदकाला काही यावे लागत नाही. मी म्हणालो, "आमच्या बदकाला गणित येतं आणि शुद्धलेखनही येतं. आणि यातलं एक अक्षरही तू तिथं जाऊन बोलू नकोस."

नव्याने धर्मांतर केलेला माणूस फार कडवा असतो. सोमवारी काउंटरवर एक आजोबा आले. दर महिन्याला पेन्शन काढायला येतात आणि पैसे काढायची स्लिप माझ्यापुढे सरकवतात. मी भरतो, ते सही करतात. त्या दिवशी मी पेन त्यांच्याकडे सरकवून प्रेमाने म्हणालो, "आजोबा, आज तुम्ही भरा. मी शिकवतो." मागच्या रांगेतून सुस्कारे ऐकू आले.

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. "बाळा, एस.टी.त कंडक्टर होतो मी. धावत्या गाडीत, उभ्याने, हिशेब लिहिलाय. मला येतं भरता. हात कापतो म्हणून देतो तुला."

मी स्लिप भरली. शिकवायला निघालो, तेव्हाही मी एक प्रश्न वाचवलाच होता. काही लोकांना रीत हवी असते, काहींना उत्तर हवे असते, आणि काहींना नुसता आधाराचा हात हवा असतो. तिघेही येऊन म्हणतात एकच: चालत नाही. आपण विचारले नाही, तर आपण काय देऊन बसू याचा नेम नाही. इतके दिवस मला वाटे, की मदत म्हणजे उत्तर देणे. आता वाटते, की तिची सुरुवात विचारण्याने होते, आणि रांगेतले लोक सुस्कारे टाकतात ते त्या विचारण्याला लागणाऱ्या वेळापायी.

परवा रात्री साडेदहाला फोन वाजला. भाचा. त्याने नवा फ्लॅट बुक केला आहे आणि त्यासाठी आयुष्यातला पहिला चेक फाडला आहे.

"मामा, चेक चालत नाही म्हणतायत."

"परत आला का? काय कारण दिलंय?"

"माहीत नाही. सोबत एक छोटा कागद होता, इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. टाकला बहुतेक."

फोनवर तीन सेकंद शांतता पसरली. मग मी म्हणालो, "कचऱ्याची बादली उघड. मी फोनवर आहे."