मनातला आवाज आणि महाराजांच्या पादुका



दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राच्या पारायणाला बसलेली मंडळी कधी नीट न्याहाळा. पोथी एक, अध्याय तोच. एकजण खणखणीत वाचतो, शेजारचा नुसते ओठ हलवतो, तिसऱ्याचे फक्त डोळे ओळीवरून सरकतात. हे झालं बाहेरचं. आत काय चाललंय ते ज्याचं त्याला ठाऊक, आणि ते कोणी कोणाला विचारत नाही.

माझी नोकरी बँकेत गेली. तिथे एक सहकारी नोटा मोजताना मनात आकडे म्हणायचा. मध्येच कोणी "चहा घेता का?" म्हटलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसरा मात्र गप्पा मारता मारता बंडल मोजून मोकळा. म्हणायचा, "मी आकडे म्हणत नाही, मला ते दिसतात." संध्याकाळी कॅश दोघांचीही जुळायची.

हे सांगायचं कारण वेगळंच. आपल्या तलवाड्यातल्याच एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, मानसपूजेला डोळे मिटले की नुसता अंधार. तीन मुखं न्हाईत, गाय न्हाई, कुत्री न्हाईत. बाया म्हणत्यात, तुझं मनच शुद्ध न्हाई. आता म्या बसतच न्हाई." मला राग आला, मावशींचा नव्हे. चाळीस-चाळीस वर्षं गुरुवार धरणारी बाई अशा एका बोलण्याने देवापासून उठते, हे काय लहान नुकसान आहे?

अहो, डोळ्यांपुढे चित्र न येणं हा मनाचा मळ नाही, मनाची घडण आहे. 1880 साली फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज पंडिताने लोकांना विचारलं, सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवा, काय दिसतं? मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, काहीच दिसत नाही. 2024 साली तर मनात शब्दांचा आवाज फारसा उमटतच नाही अशा माणसांवर संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांना यमक ओळखणं, शब्द लक्षात ठेवणं जड जातं. पण ज्यांनी तेच काम मोठ्याने बोलून केलं, त्यांच्यात हा फरक उरला नाही. म्हणजे ज्याला पाठांतर होत नाही त्याने खुशाल मोठ्याने वाचावं. मानसजप श्रेष्ठ, वाचिक कनिष्ठ असं आपण ऐकतो. पण ज्याच्या आत आवाजच नाही त्याने कनिष्ठ म्हणून वाचिक सोडला, तर त्याच्या हाती राहिलं काय?

आणि आपल्याकडे हे नवं थोडंच आहे? परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणी लहानपणापासून कानावर आहेत. मनातला आवाज म्हणजे मध्यमा. तिच्याही आधी पश्यंती आहे, जिथे अर्थ आहे पण शब्द फुटलेला नाही. विचाराला शब्द लागतोच असं पूर्वजांनी धरलं नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यातले अंबाजोगाईचे दासोपंत घ्या. गोदाकाठी राक्षसभुवनी त्यांनी दत्तसेवा केली असं परंपरा सांगते. त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर, आकृत्या काढून मांडला. त्याच काळात पैठणला नाथमहाराज ओवीमागून ओवी रचत होते. एकाला आकृती सुचली, एकाला ओवी. दत्त दोघांचाही.

नाथांची देवगिरीची कथा तर आम्हा हिशेबी लोकांची लाडकी. एका पैची चूक शोधायला ते रात्रभर वह्यांवर बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामींनी ती एकाग्रता पाहिली. आकडे नाथांना दिसत होते की ऐकू येत होते, हे त्यांनी विचारल्याचं कथेत नाही.

दत्तस्थानं आठवा. गाणगापुरी निर्गुण पादुका, वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका. मुखाऐवजी पाऊल. कपाळ टेकायला डोळ्यांपुढे चित्र लागत नाही. मावशींना मी एवढंच म्हटलं, पादुकांवर हात ठेवा, तीच तुमची मानसपूजा.

एक मात्र सांगतो. आतला आवाज ऐकू येतो म्हणून तो महाराजांचाच, असं समजू नये. "मला आतून आज्ञा झाली" म्हणून कोणी जमीन विकायला निघतो, कोणी भावाशी बोलणं टाकतो. तो आवाज बहुधा आपलाच असतो, आपल्याच इच्छेचा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक कुमारी आहे. साळी कांडताना काकणं वाजतात म्हणून ती एकेक उतरवते. हातात एकच राहिलं की आवाज थांबतो. आपलं मन म्हणजे हातभर काकणं. ज्याच्या आत मुळातच गलबला कमी, त्याला उतरवायचंही कमी. उलट त्याचा आम्ही हेवा करावा.

यंदा सप्ताहात एवढं करू. मोठ्याने वाचणाऱ्यांनी पुढे बसावं, मनात वाचणाऱ्यांनी मागे खांबाजवळ. आणि ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांच्यासाठी पादुकांशेजारची सतरंजी मोकळी ठेवावी.